सहीची एकच ओळ

ताईला स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं तेव्हा ती ४४ वर्षांची होती. शस्त्रक्रिया, केमो सगळं बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात झालं. उपचार अर्ध्यावर आले असताना डॉक्टरांनी जनुकीय चाचणी सुचवली. तिची गाठ ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनची नेहमीची औषधं जिला लागू पडत नाहीत अशी, निघाली होती आणि आमची आई ४९व्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली होती. ज्यात दोष असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो, त्या बीआरसीए जनुकात दोष सापडला तर ओलापॅरिब नावाच्या औषधाचा ताईला उपयोग होण्यासारखा होता. म्हणजे चाचणी तिच्या उपचाराचाच भाग होती. करावी की करू नये, यावर घरात कोणी वादही घातला नाही.

तिच्या त्या एका अहवालाने माझ्यापुढे, दादापुढे, त्याच्या मुलीपुढे आणि सत्तरी तालुक्यातल्या मामांच्या घरापुढे काय वाढून ठेवलं, ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे. ताईने आणि भाचीने लिहायला होकार दिला आहे. दादा म्हणाला, "लिही, पण मला वाचायला पाठवू नकोस." ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

चाचणीआधी समुपदेशन झालं, मुंबईहून व्हिडिओ कॉलवर. रक्त कुठे द्यायचं आणि खर्च किती एवढंच सांगतील असं आम्हाला वाटलं होतं. समुपदेशक बाईंनी आम्हाला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं. बाईमाणसाला गोल, पुरुषाला चौकोन, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, कर्करोग झालेल्याचा आकार आतून काळा करायचा. तीन पिढ्या मागे जायचं. बाबांच्या बाजूचं झाड भराभर झालं. आईच्या बाजूला आम्ही अडकलो. आजीची बहीण कशाने गेली? 'पोटात पाणी झालं होतं.' आईची धाकटी बहीण ३६व्या वर्षी गेली. ती कशाने? 'कावीळ.' इतक्या लहान वयात गेलेल्या बायकांबद्दल घरात इतकं थोडं ठाऊक असावं, हे समोर कागदावर पाहिल्यावर अंगावर आलं.

म्हणून मी केरीला मामांकडे गेले. मे महिना होता. मामी ओसरीवर रातांबे फोडत बसली होती. फळाचे दोन भाग करायचे, गर-बिया पातेल्यात, सालं परातीत. तिचे हात मनगटापर्यंत लालभडक झाले होते. मामांपुढे विषय काढताच त्यांनी "आमच्या घराण्यात असलं काही नाही" म्हणून तोंड फिरवलं आणि थोड्या वेळाने उठून कुळागरात गेले. ते दिसेनासे झाल्यावर मामी बोलायला लागली. हात थांबले नाहीत. "तुझ्या मावशीच्या छातीला गाठ होती गो. फुटली होती. शेवटी शेवटी मागच्या खोलीत ठेवलेली. वास यायचा म्हणून मी सकाळ-संध्याकाळ धूप घालायची. लोकांना कावीळ सांगितली, तुमच्या आईलासुद्धा तेच सांगायला लावलं." मग आजीच्या बहिणीचंही सांगितलं. मी तिच्यासमोर कागद काढला नाही. घरी येऊन दोन गोल काळे केले.

त्या रात्री एक गोष्ट मनातून जाईना. मावशीचं दुखणं लपवताना तिला कोणी विचारलं नव्हतं. आता मी ते उघडं करत होते, तेही तिला न विचारताच. गेलेल्या माणसाच्या आजारावर हक्क कोणाचा? तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, लिस्बनला असतो. त्यालाही काविळीचंच ठाऊक होतं.

ताईचा अहवाल आला. बीआरसीए-१ जनुकात रोगकारक बदल. हा जनुक १७व्या गुणसूत्रावर असतो, पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करण्याच्या कामात त्याचा हात असतो. स्तनाच्या कर्करोगाचा धागा १७व्या गुणसूत्रावर आहे हे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवलं आणि १९९४ मध्ये प्रत्यक्ष जनुक हाती लागला. त्यानंतर एका अमेरिकन कंपनीने त्यावर पेटंट घेतलं आणि कित्येक वर्षं तिथे ही चाचणी तिच्याखेरीज कोणाला करता येत नव्हती. निसर्गात आहे तशा डीएनएवर कोणाला मालकी सांगता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. आमच्या आजीच्या आजीपासून चालत आलेल्या गोष्टीवर दूरच्या कंपनीने दावा लावावा, ही कल्पनाच मला आजही सहन होत नाही.

दोष असलेल्या माणसाच्या प्रत्येक मुलाकडे, मुलगा असो वा मुलगी, तो जाण्याची शक्यता निम्मी. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या बाईला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के आणि अंडाशयाच्या कर्करोगाची सुमारे ४४ टक्के सांगतात. हे आकडे प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतल्या कुटुंबांच्या अभ्यासातून आलेले आहेत, हेही समुपदेशकांनी आवर्जून सांगितलं. अहवालात खाली आणखी एक ओळ होती: दुसऱ्या एका जनुकात 'अनिश्चित महत्त्वाचा बदल'. म्हणजे अक्षर बदललेलं दिसतंय, पण त्याने काही बिघडतं की नाही ते आज सांगता येत नाही. आपल्याकडे अशा ओळी जास्त निघतात, कारण तुलनेसाठी जगात साठवलेली बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. त्या ओळीवर कुठलाही निर्णय घेऊ नका, असं आम्हाला बजावलं गेलं. ताईची झोप मात्र पहिल्या ओळीपेक्षा या दुसरीनेच उडवली. पहिलीवर निदान औषध तरी होतं.

मग माझी पाळी. घरात दोष नेमका कुठे आहे हे एकदा कळलं की बाकीच्यांना फक्त तेवढीच जागा तपासावी लागते, खर्चही बराच कमी येतो. मी ३९ वर्षांची, मुलगी आठ वर्षांची. कळून घ्यायचं हे माझं लगेच ठरलं. रक्त द्यायला एका खासगी प्रयोगशाळेच्या केंद्रावर गेले. जांभळ्या टोपणाच्या दोन नळ्या काउंटरवर मांडलेल्या, त्यांवर माझ्या नावाची पट्टी आधीच चिकटवलेली, आणि हातात चार पानांचं संमतिपत्र.

मी निबंधक कार्यालयात नोकरी करते. दिवसभर लोकांच्या सह्या तपासणं हेच काम. वडिलोपार्जित घर विकायचं तर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात, आणि आपल्या गोव्याच्या कायद्याप्रमाणे त्यांच्या नवऱ्या-बायकांच्याही. एक बहीण मस्कतला असली तर तिचं मुखत्यारपत्र येईपर्यंत दस्त पुढे सरकत नाही. ज्याच्या हिश्शाला हात लागतो त्याची सही हवीच. आणि इथे माझ्या हातात असा कागद होता की ज्याने माझ्या मुलीबद्दल, भावाबद्दल, मामांबद्दल काहीतरी ठरणार होतं, आणि खाली सहीची ओळ एकच होती. मी हे समुपदेशकांना नंतर बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सगळ्यांच्या सह्या मागितल्या असत्या तर तुमच्या मामांनी ताईची चाचणीसुद्धा होऊ दिली नसती." ते खरंच आहे. जनुक सामायिक असला तरी शरीर ज्याचं त्याचं, आणि ताईच्या उपचारावर कुठल्याही नातेवाइकाला नकाराधिकार असता कामा नये. पण म्हणून बाकीच्यांचा हिस्सा संपतो, असंही नाही. या दोन्हींच्या मध्ये जी मोकळी जागा राहते तिथे आज आपल्या कायद्याचं काहीच बांधलेलं नाही.

तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत एक परिच्छेद होता: उरलेला नमुना व माहिती, ओळख काढून टाकून, संशोधनासाठी व 'सहयोगी संस्थांना' देण्यास माझी संमती आहे. वेगळी चौकट नाही, वेगळी सही नाही. चाचणी हवी तर हे गिळायचंच. सहयोगी संस्था कोण, हे मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं. "मॅडम, सगळेच सही करतात." बिचारीचा काय दोष, तिलाही कोणी सांगितलेलं नव्हतं. मी पेनाने तो परिच्छेद काटला, बाजूला छोटी सही केली, तारीख घातली, जशी आम्ही दस्तातल्या खाडाखोडीला घेतो तशी. तिने वरिष्ठांना फोन केला. बऱ्याच वेळाने "चालेल" म्हणून निरोप आला. म्हणजे नाही म्हणता येत होतं, फक्त तसं कोणी सांगत नव्हतं.

हा नकार देताना मला बरं वाटलं नाही. ताईच्या अहवालातली ती अनिश्चित ओळ कधी निश्चित व्हायची असेल, तर आमच्यासारख्यांनीच आपली माहिती द्यायला हवी. जिनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या १०,००० लोकांचे जिनोम, म्हणजे त्यांच्या डीएनएचा सगळा क्रम, वाचले गेले आणि २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. अशा कामाला मी आनंदाने रक्त देईन. पण कोणाला, कशासाठी, आणि पुढे विचार बदलला तर परत कसं घ्यायचं, एवढं मला कळलं पाहिजे. जनुकाच्या बाबतीत 'ओळख काढून टाकली' या शब्दांवर फार विसंबता येत नाही. नाव काढलं तरी क्रम माझाच राहतो, आणि तो माझ्या नातेवाइकांशी जुळतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती मागे घेण्याचा हक्क दिला, पण आरोग्याच्या किंवा जनुकीय माहितीसाठी त्यात वेगळं, जास्त कडक संरक्षण ठेवलेलं नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे.

रक्ताचा अहवाल बाहेर फुटला तर काय होतं, हे गोव्याने पाहिलेलं आहे. १९८९ साली पर्राच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही आढळला. त्याने रक्तदान केलं होतं, एवढाच त्याचा संबंध. सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधाराने त्याला पकडून ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने ते कलम वैध ठरवलं. एचआयव्ही असलेल्यांशी नोकरीत, विम्यात, उपचारांत भेदभाव करू नये असं सांगणारा केंद्रीय कायदा व्हायला २०१७ साल उजाडलं. बीआरसीएचा दोष स्पर्शाने पसरत नाही, त्याची भीती तशी नाही, हे मान्य. पण सोयरीक जुळवताना, विमा देताना, नोकरी देताना लोक कागद बघून माणूस ठरवतात, ही सवय तीच आहे. आणि जनुकांसाठी २०१७ सारखा कायदा आपल्याकडे अजून नाही.

माझा अहवाल होकारार्थी आला. समुपदेशकांनी फोनवर न सांगता समोर बसवून सांगितलं, नवऱ्याला सोबत आणायला लावलं. दर वर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी, आणि मूल झालेलं असल्याने अंडाशय व बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला. बीआरसीए-१ वाल्यांना ही शस्त्रक्रिया ३५ ते ४० या वयात सुचवतात, कारण अंडाशयाचा कर्करोग वेळेत पकडून देणारी भरवशाची तपासणीच नाही. त्यावर मी इथे जास्त लिहीत नाही. तो निर्णय मला जड गेला नाही. आईचे शेवटचे महिने मी पाहिले आहेत.

जड गेलं ते विम्याचं. आमच्याकडे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे, ते देताना कोणी जनुक विचारत नाही. पण मुलीसाठी मला मुदतीचा आयुर्विमा काढायचा होता. प्रस्तावात प्रश्न होता: आई, वडील, भावंडांपैकी कोणाला कर्करोग? तुमच्या कुठल्या तपासण्या झाल्या? विमा एजंट आमच्याच वाड्यावरचा, भला माणूस. म्हणाला, "वयनी, रिपोर्टचं लिहू नका. कोणाला कळतंय?" मी सगळं लिहिलं. एक तर खोटं लिहून मिळालेली पॉलिसी दावा करायच्या वेळी उलटू शकते, आणि दुसरं, लपवायला माझ्या हातून काही गुन्हा झालेला नव्हता. पुढे दोन ओळींचं पत्र आलं की प्रस्ताव सध्या स्वीकारता येत नाही. कारण दिलेलं नव्हतं.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका आरोग्य विम्याच्या प्रकरणात सांगितलं होतं की 'जनुकीय विकार' एवढं म्हणून सरसकट सगळ्यांना वगळणं हा भेदभाव आहे, तो घटनेच्या १४व्या कलमाविरुद्ध आहे. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण तो प्रश्न आजार झालेल्या माणसाच्या दाव्याचा होता. मला तर अजून आजारच नाही. अमेरिकेत २००८ पासून आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकीय माहिती वापरायला बंदी आहे, मात्र आयुर्विमा त्यातून सुटला आहे. पोर्तुगालचा २००५ चा कायदा त्याहून पुढचा आहे, तिथे विमा कंपनीला जनुकीय चाचणी मागताही येत नाही आणि असलेला अहवाल वापरताही येत नाही. म्हणजे आमच्या आजीकडून तोच बदल माझ्याकडे आला आणि समजा माझ्या मावसभावाकडेही गेला, तर पासपोर्ट बदलल्यामुळे त्याला संरक्षण आणि मला दोन ओळींचं पत्र. लपवा, म्हणजे सुखी राहाल, असं जो समाज माणसाला शिकवतो तिथे मामांनी कावीळ सांगितली तर त्यांना एकट्याला दोष कसा देऊ?

दादाकडे येते. तो कुवेतला आहे, ५० वर्षांचा. त्याची मुलगी २४ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. ताईचं कळल्यावर दादाने पहिल्याच फोनला सांगून टाकलं, "मला काही तपासायचं नाही. आणि मला कोणी काही सांगायचंही नाही." आधी मला राग आला. मग समुपदेशकांनी समजावलं की न जाणण्याचा हक्कही हक्कच आहे. शिवाय बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या पुरुषाला धोका वाढतो तो थोडा. त्याच्या स्वतःच्या तब्येतीसाठी चाचणीचा फारसा फायदा नव्हता. फायदा होता तो मुलीला.

आणि भाचीला चाचणी करायची होती. तिने मला विचारलं, "आत्या, मी केली तर पप्पांचं काय?" प्रश्नातली गाठ तिने बरोब्बर धरली होती. तिच्यात तो बदल निघाला तर तो दादाकडूनच आलेला असणार, दुसरीकडून यायला वाव नाही. म्हणजे तिचा अहवाल होकारार्थी आला की दादाचाही आपोआप आला, त्याने रक्ताचा थेंब न देता. एकाचा जाणण्याचा हक्क आणि दुसऱ्याचा न जाणण्याचा हक्क एकाच कागदावर येऊन बसले होते.

वहिनीचं म्हणणं, थांबू. पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू. ताई म्हणाली, मी थांबले तर काय झालं ते दिसतंय ना? चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळे घरी येतात, दादाही त्या वर्षी आला होता. माटोळीची बांधाबांध, नेवऱ्या, आरत्या, यात कोणी विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी विसर्जन करून आलो आणि भाचीनेच बापासमोर पाट ओढून बसत सांगितलं: "पप्पा, मी चाचणी करणार आहे. काय आलं ते तुम्ही विचारलंत तर सांगेन, नाही विचारलंत तर नाही सांगणार. आत्यालासुद्धा मी अट घातलीय." दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुझ्या जिवापेक्षा माझं न कळणं मोठं नाही. कर तू." वहिनी रडली. मला त्या क्षणी दादाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता.

समुपदेशकांनीही तेच सांगितलं होतं, जरा वेगळ्या शब्दांत: सज्ञान मुलीला तिच्या शरीराबद्दल कळण्याचा हक्क बापाच्या न कळण्यापेक्षा वरचढ, पण बापाला आधी सांगून, त्याला आपलं मन तयार करायला वेळ देऊन. ताईच्या मुलाबद्दल त्यांनी नेमका उलटा सल्ला दिला. तो १५ वर्षांचा. ताईला त्याची चाचणी लगेच करून हवी होती. मोठेपणी होणाऱ्या आजारासाठी, लहानपणी कळून उपचारात काही फरक पडणार नसेल तर, मुलांची चाचणी करू नये, असंच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं धरून आहेत. १८ पूर्ण झाल्यावर तो ठरवील. ताईला ते पटायला वेळ लागला. आईच्या जिवाला वाटतं, मला कळायलाच हवं. पण उद्या तो दादासारखा निघाला, नको म्हणणारा, तर आपण त्याचा तो हक्क आधीच खर्च करून बसलेलो असू.

भाचीने आणखी एक विचारलं, तेही सहज, चहा पिताना. पुढे मूल हवं असेल तर भ्रूण तपासून, हा बदल नसलेलाच निवडता येतो ना? येतो. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात कुटुंबातल्या माहीत असलेल्या आनुवंशिक आजारासाठी गर्भाशयात ठेवण्याआधी भ्रूणाची चाचणी करायला परवानगी आहे. मुलगा-मुलगी निवडायला मात्र सक्त मनाई. मी तिला माहिती दिली, मत दिलं नाही. इथे देते. तसं केलं असतं तर आई जन्मली नसती, ताई नसती, मी नसते. आई ४९ वर्षं जगली आणि त्या वर्षांत तिने तीन मुलं वाढवली, बालवाडी चालवली, भजनी मंडळात पेटी वाजवली. तिचं आयुष्य टाळण्यासारखं होतं, असं माझ्याच्याने म्हणवत नाही. तरीही जी मुलगी आपल्या आजीचं आणि मोठ्या आत्याचं दुखणं पाहून 'माझ्या मुलीला हे नको' म्हणेल, तिला मी चूक म्हणणार नाही.

मामांकडे पत्र पाठवायचं राहिलं होतं. समुपदेशक कुटुंबासाठी एक नमुना पत्र देतात. त्यात रुग्णाचं नाव नसतं, 'तुमच्या जवळच्या नात्यात अमुक बदल आढळला आहे, इच्छा असल्यास इथे संपर्क साधा' एवढंच. मामेबहीण दोडामार्गला दिलेली आहे, तिच्या मोठ्या मुलीला स्थळं बघतायत. मामीने फोन करून गळ घातली, लग्न होईपर्यंत थांब गो. मी पत्र मामेबहिणीच्या स्वतःच्या हातात दिलं, तिच्या सासरी कोणाला नाही, मामांनाही नाही. ती ४५ची आहे, तिचा धोका आजचा आहे. लग्नाच्या सह्या घ्यायला रोज जोडपी आमच्या कार्यालयात येतात. लग्नाआधी एचआयव्हीची चाचणी सक्तीची करायची घोषणा गोव्यात २००६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये झाली होती. मला सक्ती मान्य नाही, कशाचीच. पण ज्याच्याशी जन्म काढायचा त्याला आपल्या तोंडाने सांगावं, या मताची मी आहे. सांगायचं की नाही हे त्या मुलीने ठरवायचं, आईने नाही आणि आजीने तर नाहीच. मामेबहिणीने अजून चाचणी केलेली नाही. मामा माझ्याशी बोलत नाहीत.

मावसभावाला पत्र पाठवण्याआधी मी फोन केला, कारण पत्रातून त्याला आपल्या आईचं मरण पहिल्यांदा कळणार होतं. मी गाठीचं सांगितलं, कावीळ नव्हती म्हणाले. तो म्हणाला, "मागची खोली ना? मला तो धूप आठवतो. मी पाच वर्षांचा होतो, मला आत सोडत नव्हते." आपण काही वाईट केलं म्हणून आई आत घेत नाही, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. तीसेक वर्षं तेच मनात होतं. तो माझ्यावर रागावला नाही. "कोणीतरी सांगायला हवं होतं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याने तिथल्या सरकारी इस्पितळात नाव घातलं आहे. मावशीबद्दल माझ्या मनात जी टोचणी होती ती त्या फोननंतर राहिली नाही.

भाचीची चाचणी झाली. काय आलं ते इथे लिहिणार नाही. 'काही नाही निघालं' असंही लिहिणार नाही, कारण आज एकीचं बिनदिक्कत सांगितलं की उद्या दुसऱ्याबद्दल गप्प राहण्याचा अर्थ लोक लावतातच. घरात आता आमचं एवढं ठरलेलं आहे: अहवाल ज्याचा त्यानेच सांगायचा, कोणी विचारलं तरी दुसऱ्याच्या वतीने उत्तर द्यायचं नाही, आणि मुलांना १८ पर्यंत शांतपणे राहू द्यायचं. विमा कंपनीला मी नकाराचं कारण लेखी मागितलं आहे. पत्राची पोच आली, उत्तर नाही. ते आलं तर तेही असंच सगळ्यांसमोर मांडीन. माझी शस्त्रक्रिया चवथ उरकल्यावर ठरली आहे. दादा रजा टाकून येतो आहे. इस्पितळात रात्री मीच थांबणार, असं त्याने वहिनीला आणि ताईला आत्ताच बजावून ठेवलं आहे.